घरचा संघ, आपला हिरो

पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या मुलाला ‘तू कोणत्या संघाचा?’ असं कुणी विचारत नाही. ते घरात आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे एखाद्या घरात वारी असते, तसे इथल्या घरात ‘पायरट्स’ असतात. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलांकडे. कुणाला पटवून द्यावं लागत नाही आणि सोडू म्हटलं तरी सुटत नाही. हिरो मात्र मूल स्वतः निवडतं. त्यात आईवडिलांचं फारसं चालत नाही.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम टोकाचं शहर. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या नद्या इथे मिळतात आणि पुढे ओहायो होऊन वाहतात. शंभरेक वर्षं हे शहर पोलादावर जगलं. इथला बेसबॉल क्लब पायरट्स हा १८८२ सालचा. त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली ती पाच वेळा, १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९ मध्ये. त्यानंतर एकदाही नाही. अमेरिकेतल्या बेसबॉल-निष्ठेवर लिहिणारे बहुतेकजण न्यूयॉर्क, बॉस्टन नाहीतर शिकागोकडे वळतात. मला पिट्सबर्ग जास्त मोलाचं वाटतं, कारण इथे निष्ठेला फळ फार क्वचित आलं आणि तरीही ती घराघरांत टिकली. कशी टिकली, हे सांगण्यासाठी हा लेख.

रोजचा खेळ

पहिलं कारण साधं आहे. बेसबॉल जवळजवळ रोज असतो. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आहेत. मार्चअखेर सुरू झालेला हंगाम सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि तेवढ्या काळात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, ८१ घरच्या मैदानावर आणि ८१ बाहेरगावी. अमेरिकन फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, त्यासाठी लोक वेळ राखून ठेवतात, पाहुणे बोलावतात. बेसबॉलसाठी कुणी कामं थांबवत नाही. स्वयंपाक चालू असतो, कुणी गाडी धूत असतं, आजी पोर्चमध्ये बसलेली असते आणि सामना कानावर पडत राहतो. मुलाला खेळ कळायला लागण्याआधी खेळाडूंची नावं पाठ होतात.

दुसरं असं की हार इथे नेहमीची आहे. एखाद्या हंगामात शंभर सामने जिंकणारा संघ थोर मानला जातो, आणि तोही बासष्ट वेळा हरलेला असतो. म्हणजे सर्वोत्तम संघाच्या घरातलं मूलही आठवड्यातून दोन-तीनदा हार ऐकून झोपतं. सकाळी उठून ते पुन्हा त्याच संघाचं असतं. मोठेपणी वीस वर्षं हरणाऱ्या संघामागे उभं राहायची तयारी अशी लहानपणीच होऊन गेलेली असते.

रेडिओचं गाव

बेसबॉलचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण पिट्सबर्गहूनच झालं. ५ ऑगस्ट १९२१ रोजी केडीकेए या केंद्रावरून हॅरॉल्ड अर्लिन यांनी फोर्ब्स फील्ड मैदानातून पायरट्स आणि फिलाडेल्फिया यांच्यातल्या सामन्याचं वर्णन केलं. अर्लिन वेस्टिंगहाउस कंपनीत नोकरीला होते. टेलिफोनचा भाग जोडून केलेला मायक्रोफोन हातात धरून ते होम प्लेटमागे बसले होते. पायरट्स ८-५ ने जिंकले.

याच अर्लिन यांची पुढची गोष्ट या विषयाला फार जवळची आहे. त्यांचा नातू स्टीव्ह मेजर लीगमध्ये पिचर झाला, पण सॅन डिएगोच्या संघाकडून. १९७२ मध्ये तो पिट्सबर्गला पायरट्सविरुद्ध खेळायला आला, तेव्हा पायरट्सचे कॉमेंटेटर बॉब प्रिन्स यांनी म्हाताऱ्या अर्लिनना बोलावून काही इनिंगांची कॉमेंट्री करायला दिली. ज्या संघाचा आवाज सर्वांत आधी हवेत सोडला त्या संघाला आपलाच नातू चेंडू टाकतोय, याचं वर्णन आजोबांनी त्याच शहराला ऐकवलं.

बॉब प्रिन्स १९४८ ते १९७५ या संघाचा आवाज होते. पोलाद कारखान्यांत तीन पाळ्यांत काम चाले, त्यामुळे मैदानावर जाणं प्रत्येकाला जमत नसे. रेडिओ मात्र सगळ्या पाळ्यांना पुरायचा. १९७५ मध्ये प्रिन्सना कामावरून काढलं, तेव्हा हजारो लोक शहरात रस्त्यावर उतरले. एका कॉमेंटेटरसाठी मोर्चा निघाला याचं मला मुळीच नवल वाटत नाही. अठ्ठावीस उन्हाळे रोज संध्याकाळी घरात ऐकू येणारा माणूस तो. पाहुणा राहतो कुठे?

स्कोअरची वही

घरातल्या घरात बेसबॉल शिकवायचं खरं साधन म्हणजे स्कोअरकार्ड. त्याची पद्धत घडवली हेन्री चॅडविक यांनी. ते इंग्लंडात जन्मले, लहानपणी अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी आधी क्रिकेटच्या बातम्या देत असत. आकड्यांत सामना मांडायची सवय त्यांनी बेसबॉलला लावली.

वहीत प्रत्येक बॅटरपुढे, प्रत्येक इनिंगसाठी एक चौकट असते. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा ठरलेला आहे. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६ आणि मग मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. समजा पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे आणि बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने तो दुसऱ्या बेसवर टाकला, तिथल्याने तो पहिल्या बेसवर टाकला आणि दोघेही बाद झाले. वहीत एवढंच लिहायचं : ६-४-३. तीन चेंडू चुकवून बॅटर बाद झाला तर रोमन लिपीतला ‘के’. तिसऱ्या चेंडूवर त्याने बॅट हलवलीच नाही तर तोच ‘के’ उलटा काढायचा. सात-आठ वर्षांचं मूल हे एका दुपारी शिकतं, आणि नंतर कधीही वही उघडली की सामना पुन्हा डोळ्यांपुढे उभा करू शकतं.

या वहीची सर्वांत सुंदर हकिगत मात्र पिट्सबर्गची नाही, न्यूयॉर्कची आहे. इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांना त्या सहा वर्षांच्या असताना वडिलांनी स्कोअर लिहायला शिकवलं. घर लाँग आयलंडवर, संघ ब्रुकलिन डॉजर्स. वडील बँकांच्या तपासणीच्या नोकरीवर जात. दुपारचा सामना मुलगी रेडिओवर ऐकायची, वहीत उतरवायची आणि संध्याकाळी वडील आले की एकेक चौकट पाहत सगळा सामना त्यांना सांगायची. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी हे सगळं छापून येतं, हे वडिलांनी तिला बरीच वर्षं कळू दिलं नाही. आपण सांगितलं नाही तर बाबांना काहीच कळणार नाही, असं तिला वाटत राहिलं. आपल्याला गोष्ट सांगता येते हे आपण तिथे शिकलो, असं त्यांनी १९९७ च्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे. त्याआधीच त्यांना इतिहासलेखनासाठी पुलित्झर मिळालं होतं.

शेजारच्या गावचा वॅग्नर

पायरट्सचा पहिला मोठा हिरो अगदी घरचा होता. होनस वॅग्नर पिट्सबर्गला लागून असलेल्या, आज कार्नेगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातला. आईवडील जर्मनीहून आलेले, आणि पोरगा बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला. १९०० ते १९१७ तो पायरट्सकडून खेळला, मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम बॅटर आठ वेळा ठरला, आणि १९३६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या पाचांत होता. खाण आणि भट्टी सोडून उजेडात आलेला आपल्यातला मुलगा, या एका गोष्टीवर इथल्या कामगारवस्तीतली मुलं वाढली.

बाकीचं जग त्याला ओळखतं ते एका कार्डावरून. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं असलेली छोटी कार्डं मिळत. वॅग्नरने आपलं कार्ड छापायला हरकत घेतली. कुणी म्हणतं मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून, कुणी म्हणतं पैशांवरून. छपाई थांबली आणि मोजकीच कार्डं उरली. त्यांतलं एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरना विकलं गेलं. कार्ड जमवणारी पुढची पिढी च्युइंगगमच्या पाकिटांवर वाढली. टॉप्स कंपनीचा १९५२ चा संच हा आजच्या कार्डांचा मूळ नमुना मानतात. नावडत्या खेळाडूची कार्डं पोरं सायकलच्या स्पोक्समध्ये अडकवून फटफट वाजवत हिंडत. आवडत्याचं कार्ड बुटाच्या खोक्यात जपून ठेवलं जाई.

हिल डिस्ट्रिक्टची मुलं

पण ‘घरचा संघ’ सगळ्यांचा नव्हता. १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना जागाच नव्हती, आणि पायरट्सनी पहिला आफ्रिकन-अमेरिकन खेळाडू मैदानात उतरवला तो १९५४ मध्ये. तोवर पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीतल्या मुलांचे संघ वेगळे होते. हिल डिस्ट्रिक्टमधले क्रॉफर्ड्स आणि पोलादी गाव होमस्टेडचे ग्रेज हे ते दोन. काळ्या खेळाडूंच्या नीग्रो लीगमधले हे दोन बलाढ्य संघ एकाच शहराच्या परिसरात होते. अशी श्रीमंती दुसऱ्या कोणत्या शहराला लाभली असेल असं मला वाटत नाही. क्रॉफर्ड्सचं स्वतःचं मैदान १९३२ मध्ये उभं राहिलं.

त्या मुलांचा हिरो जॉश गिब्सन. वडील जॉर्जियातून पोलाद कारखान्यात कामाला आले, मागोमाग कुटुंब आलं. त्याचे होम रन बघायला माणसं दुरून येत. २० जानेवारी १९४७ रोजी पस्तिसाव्या वर्षी तो गेला. तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये उतरला. गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत दगडसुद्धा नव्हता. २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगचे आकडे आपल्या अधिकृत नोंदीत घेतले, आणि .३७२ या सरासरीने गिब्सन सगळ्या काळातला सर्वोत्तम सरासरीचा बॅटर ठरला. घरात आजोबांनी सांगितलेलं खरं होतं, हे वहीवर यायला सत्याहत्तर वर्षं लागली.

क्लेमेंटे

पिट्सबर्गमध्ये लहानपणचा हिरो कोण, असं पन्नाशीपुढच्या माणसाला विचारलं की बहुतेक वेळा एकच नाव ऐकू येईल. रोबर्टो क्लेमेंटे. आणि तो या शहराचा नव्हताच.

जन्म १९३४, प्वेर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावी. वडील उसाच्या शेतात मुकादम. हिवाळ्यात अमेरिकेतले काळे खेळाडू प्वेर्तो रिकोत खेळायला येत. त्यांच्यातला माँटी इर्विन हा लहानग्या रोबर्टोचा हिरो. तो मैदानाबाहेर इर्विनची वाट पाहत उभा राही. इर्विन आपली बॅग त्याच्या हातात देई, म्हणजे बॅग घेऊन येणारा म्हणून पोराला तिकिटाशिवाय आत जाता यावं. 

१९५४ च्या अखेरीस पायरट्सनी क्लेमेंटेला ब्रुकलिनच्या खालच्या फळीतल्या संघातून उचललं. तेव्हा पायरट्स लीगमध्ये तळाला होते. हा काळा, स्पॅनिश बोलणारा तरुण एका गोऱ्या पोलादी शहरात आला. वृत्तपत्रं त्याचं इंग्रजी उच्चारासकट छापून त्याची टिंगल करायची. टॉप्सच्या कार्डांवर कित्येक वर्षं त्याचं नाव ‘बॉब’ छापलं जात होतं. आपलं नाव रोबर्टो आहे, असं तो सांगत राहिला. मुलांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. बॅटिंगला येताना मान दोन्हीकडे मोडायची त्याची लकब गल्लीतली सगळी पोरं करायची. उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसपर्यंत त्याचा थ्रो जमिनीला न टेकता यायचा. धावणाऱ्याने पाऊल उचलायच्या आत विचार करावा असा तो हात होता. उत्तम फील्डिंगसाठी दिले जाणारे गोल्ड ग्लव्ह त्याला बारा मिळाले.

१ सप्टेंबर १९७१ रोजी पायरट्सनी नऊच्या नऊ काळे आणि लॅटिन अमेरिकी खेळाडू सुरुवातीला उतरवले. मेजर लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडलं होतं. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये क्लेमेंटेने .४१४ च्या सरासरीने खेळून संघ जिंकवला. विजयानंतर देशभर चाललेल्या टीव्ही प्रक्षेपणात त्याच्यापुढे माइक आला, तेव्हा त्याने आधी स्पॅनिशमधून आईवडिलांकडे आशीर्वाद मागितला आणि मग इंग्रजीत बोलला. ज्याचं नाव आणि भाषा सतरा वर्षं कापून-छाटून घेतली जात होती, त्याने त्या दिवशी दोन्हीची जागा स्वतः ठरवली.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याचा तीन हजारावा हिट लागला. नियमित हंगामातला तो शेवटचा. त्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मनाग्वा भूकंपात उद्ध्वस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच तो प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा मॅनेजर म्हणून तिथे राहून आला होता. गोळा केलेली मदत तिथले सैनिक मध्येच लांबवतात असं कानावर आल्यावर तो स्वतः निघाला. ३१ डिसेंबरच्या रात्री क्षमतेपेक्षा जास्त लादलेलं ते विमान सॅन हुआनहून उडताच समुद्रात कोसळलं. क्लेमेंटेचा देह सापडला नाही. संघातला त्याचा मित्र, कॅचर मॅनी सांगियेन, प्रार्थनासभेला न जाता शोध घेणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरला होता.

हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेसाठी ती अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला निवडलं गेलं. लॅटिन अमेरिकेतून तिथे पोचलेला तो पहिला खेळाडू. त्याच वर्षी, त्याच समारंभात आणखी एक नाव आत गेलं. माँटी इर्विन.

पिट्सबर्गच्या आजच्या मैदानाची उजवीकडची भिंत क्लेमेंटेच्या २१ क्रमांकावरून २१ फूट उंच बांधली आहे, आणि जवळच्या पुलाला त्याचं नाव आहे. सामन्याच्या दिवशी तो पूल गाड्यांना बंद असतो. आईबाप मुलांना घेऊन चालत जातात, आणि तो कोण होता हे सांगायला नदीएवढी रुंदी पुरते.

१३ ऑक्टोबर

१९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर न्यूयॉर्क यांकीज होते. सात सामन्यांत यांकीजनी ५५ धावा केल्या, पायरट्सनी २७. तरी सिरीज पायरट्सनी जिंकली, कारण यांकीज जिंकले की प्रचंड फरकाने जिंकत आणि पायरट्स थोडक्यात. सातवा सामना ९-९ असा अडला असताना नवव्या इनिंगच्या शेवटी बिल मॅझरॉस्कीने होम रन मारला. दुपारचे ३ वाजून ३६ मिनिटं. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना होम रनने संपल्याचं दुसरं उदाहरण आजवर नाही. मॅझरॉस्की हा खाणकामगाराचा मुलगा, नाव होतं ते फील्डिंगसाठी, आणि सतराच्या सतरा हंगाम एकाच संघात.

त्या वेळचं फोर्ब्स फील्ड १९७० नंतर पाडलं गेलं. बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या सामन्याचं मूळ रेडिओ प्रक्षेपण सुरुवातीपासून ऐकतात. टेप अशा बेताने लावतात की होम रन बरोबर ३.३६ ला यावा. १९८५ मध्ये एका चाहत्याने एकट्याने बसून हे सुरू केलं. कॉमेंटेटर चक थॉम्पसन त्या क्षणी गोंधळून पिचरचं नाव चुकीचं सांगतात आणि स्कोअर १०-० म्हणून जातात. ती चूक दरवर्षी जशीच्या तशी ऐकली जाते. १९६० मध्ये जन्मही न झालेली माणसं तिथे येतात, आणि येताना मुलांना आणतात.

संघच निघून गेला तर?

घरचा संघ कायम घरी राहील याची खात्री नसते. ब्रुकलिन डॉजर्स १९४१ ते १९५३ या काळात पाच वेळा यांकीजकडून वर्ल्ड सिरीज हरले आणि अखेर १९५५ मध्ये जिंकले. दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला हलवला, कारण नव्या मैदानाच्या जागेवरून न्यूयॉर्कच्या कारभाऱ्यांशी त्यांचं जमलं नाही. २४ सप्टेंबर १९५७ च्या शेवटच्या घरच्या सामन्याला अवघे ६,७०२ लोक होते, आणि समोरचा संघ होता पायरट्स. मैदान पाडून तिथे घरं बांधली. काही घरांनी बेसबॉल सोडलं, काहींनी १९६२ मध्ये आलेले मेट्स धरले. यांकीजकडे मात्र फारच थोडे गेले असतील, कारण शत्रूही वारशातच मिळालेला असतो. गुडविनबाई हार्वर्डला गेल्या आणि बॉस्टनच्या रेड सॉक्सच्या झाल्या. तोही पुष्कळ हरणारा संघ होता.

वीस वर्षं

पिट्सबर्गमध्ये उलट घडलं. संघ राहिला, माणसं गेली. १९८० च्या दशकात भट्ट्या विझल्या, १९८६ मध्ये होमस्टेडचा कारखाना बंद पडला. १९५० मध्ये पावणेसात लाखांचं हे शहर २०२० मध्ये तीन लाखांवर आलं. लोक कामासाठी टेक्सास, फ्लॉरिडा, कॅरोलिनाकडे गेले. मुलं परक्या शहरात जन्मली, पण टोपी काळी-पिवळीच राहिली.

१४ ऑक्टोबर १९९२ ची रात्र तर लोकांच्या तोंडी आजही आहे. वर्ल्ड सिरीजचं दार उघडायला तीन बाद हवे होते. अटलांटात पायरट्स २-० ने पुढे होते आणि नवव्या इनिंगमध्ये ३-२ ने हरले. विजयी धाव काढणारा सिड ब्रीम काही वर्षांपूर्वी पायरट्सचाच होता. गुडघे दुखरे असलेला तो गडी घसरत होम प्लेटला पोचला आणि बॅरी बाँड्सचा थ्रो क्षणभर उशिरा आला. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पिट्सबर्गला तो दगा वाटला. पण त्या संघात त्याचे वडील खेळले होते, आणि तिथला विली मेज हा त्याचा गॉडफादर. तोही आपल्या घरच्या संघाकडेच गेला होता. हे मान्य करणं इथल्या लोकांना जड जातं, पण ते खरं आहे.

मग १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम पायरट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब पडझड दुसऱ्या कुठल्या संघाची नाही. या काळात जन्मलेलं मूल मतदार झालं तरी त्याने संघाचं एकही चांगलं वर्ष पाहिलं नव्हतं. १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा सामना झाला. सगळं मैदान काळ्या कपड्यांत आलं होतं. लोक समोरच्या पिचरचं नाव लांबवून ओरडत राहिले, ‘क्वे-टो’. जॉनी क्वेटोच्या हातातून चेंडू खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो पायरट्सचा अँड्र्यू मॅककचन. २०१८ च्या सुरुवातीला क्लबने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि २०२३ मध्ये तो परत आला. त्याच्या नावाचा शर्ट घालणारी लहान मुलं तोवर कॉलेजात पोचली होती.

वारसा नसलेल्या घरांत

विद्यापीठं, इस्पितळं आणि संगणकाच्या कामामुळे भारतीय कुटुंबं इथे पूर्वीपासून आहेत. पिट्सबर्गचं वेंकटेश्वर मंदिर १९७० च्या दशकातलं. त्यांत मराठी घरंही आहेत. अशा घरात आजोबांचा संघ नसतो, म्हणून वारसा उलट दिशेने चालतो. शाळेतून मूल संघ घेऊन येतं, आणि गावसकर-तेंडुलकरांवर वाढलेले आईवडील त्याच्याकडून ६-४-३ शिकतात.

पायरट्सचं भारताशी थेट नातंही आहे. २००८ मध्ये भारतात चेंडू वेगाने फेकणाऱ्यांची एक टीव्ही स्पर्धा झाली. तिच्यातून पुढे आलेले उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पायरट्सशी करारबद्ध झाले. याआधी त्यांनी बेसबॉल हातात घेतला नव्हता. मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत, पण खालच्या लीगमध्ये खेळले, आणि त्यांच्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट निघाला.

विटा आणि एक कार्ड

२०२५ च्या वसंतात क्लबचं आणि घरांचं नातं चांगलंच ताणलं गेलं. २००१ मध्ये नवं मैदान झालं तेव्हा लोकांनी पैसे भरून फरसबंदीच्या विटांवर नावं कोरून घेतली होती. कुणी वडिलांचं, कुणी गेलेल्या भावाचं. दुरुस्तीत त्या काढल्या गेल्या आणि रिसायकलिंगच्या आवारात ढीग पडलेला लोकांना दिसला. त्याच सुमारास उजव्या भिंतीवरच्या क्लेमेंटेच्या २१ आकड्यावर मद्याची जाहिरात आली. क्लेमेंटेच्या घरच्यांनी आवाज उठवल्यावर क्लबने माफी मागितली, आकडा परत लावला, आणि विटांवरच्या नावांसाठी कायमची जागा करू असं सांगितलं. मला यात क्लबची चूक साधी वाटत नाही. हरलेले हंगाम लोकांनी पोटात घातले, कारण ते खेळाचे होते. वीट घरची होती.

कार्डाची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. पॉल स्कीन्स हा पायरट्सचा तरुण पिचर २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आला. पहिल्या सामन्यातल्या त्याच्या शर्टावरची पट्टी बसवलेलं एकमेव कार्ड टॉप्सने पाकिटांत सोडलं. ते कॅलिफोर्नियातल्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळात सापडलं. कार्डाच्या बदल्यात क्लबने होम प्लेटमागच्या दोन जागांची तीस वर्षांची तिकिटं देऊ केली. मुलगा लॉस एंजेलिसकडचा. कुटुंबाने लिलाव निवडला आणि कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना गेलं.

पाहायला जायचं असेल तर

फोर्ब्स फील्डची भिंत ओकलंड भागात रोबर्टो क्लेमेंटे ड्राइव्हवर आहे, आणि जुनी होम प्लेट समोरच्या पॉझ्वार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली बसवलेली आहे. दोन्ही पाहायला पैसे लागत नाहीत. १३ ऑक्टोबरला प्रक्षेपण दुपारी एकच्या सुमारास सुरू होतं. क्लेमेंटे संग्रहालय लॉरेन्सव्हिलमध्ये जुन्या अग्निशमन केंद्रात आहे, तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं. जॉश गिब्सनचं थडगं त्याच भागातल्या अ‍ॅलेगेनी दफनभूमीत आहे. वॅग्नर, क्लेमेंटे, मॅझरॉस्की आणि १९७९ च्या संघाचा कप्तान विली स्टार्जेल यांचे पुतळे मैदानाबाहेर आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर एप्रिल टाळा, थंडी असते. जून-जुलैतला संध्याकाळचा सामना घ्या, आणि पेन्सिल व स्कोअरकार्ड आत शिरतानाच विकत घ्या.